सोळा तासांचे उड्डाण, चोवीस तासांची रात्र

व्यापार, शिक्षण किंवा मुला-नातवंडांची भेट या निमित्ताने आपल्या समाजातील कुटुंबांचे अमेरिकेस जाणे-येणे आता नित्याचे झाले आहे. तिकीट काढताना भाडे, सामानाचे वजन आणि विमान थेट आहे की नाही, हे आवर्जून पाहिले जाते. चोविहार पाळणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी मात्र आणखी एक हिशेब आधीच मांडावयास हवा.

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आहे. नकाशावर न्यूयॉर्क पश्चिमेस दिसते. परंतु पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळची वाट उत्तरेकडे चढून 65 अंश अक्षांशाजवळून जाते. काही देशांच्या आकाशातून जाण्यास बंदी असली की वळसा पडतो, आणि समोरून येणारे पश्चिमी वारे वेग कमी करतात. त्यामुळे थेट उड्डाणास सुमारे 16 तास लागतात. परतीला तेच वारे पाठीशी असतात व वेळ वाचतो.

समजा, डिसेंबरच्या मध्यास विमान मुंबईहून रात्री 1.30 वाजता निघाले. न्यूयॉर्कचे घड्याळ हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. म्हणून ते त्याच तारखेस सकाळी 7 वाजता उतरते. मुंबईतील आदला सूर्यास्त सायंकाळी 6 च्या सुमाराचा. न्यूयॉर्कचा सूर्योदय सव्वासातच्या सुमारास, म्हणजे भारतीय वेळेनुसार सायंकाळी पावणेसहाला. पश्चिमेकडे जाणारे विमान रात्रीच्या सोबतीनेच चालत राहते आणि ती एकच रात्र जवळजवळ 24 तासांची होते. नवकारशीची 48 मिनिटे मिळवली, तर पाण्याचा पहिला घोट सुमारे साडेचोवीस तासांनी. जूनमध्ये मात्र हेच विमान निम्मी वाट सरण्यापूर्वीच उजेडात शिरते.

बहुतेक विमान कंपन्या किमान 24 तास आधी सांगितल्यास कंदमुळे वर्ज्य असलेले जैन भोजन देतात. पण ते वाढले जाते उड्डाणानंतर थोड्याच वेळात, ऐन रात्री. शिवाय विमानातील हवा अतिशय कोरडी असते. मधुमेही किंवा वयोवृद्ध व्यक्तीस इतका दीर्घकाळ निर्जल राहणे धोक्याचे ठरू शकते.

म्हणून तिकिटापूर्वीच दोन्ही गावांचे सूर्यास्त-सूर्योदय एका कागदावर मांडावेत. सकाळी निघून दुपारी युरोपात पोहोचणारे विमान घेऊन तेथे रात्रीचा मुक्काम केल्यास चोविहार सुखरूप पाळता येतो. थेटच जायचे असल्यास पाण्याची मोकळीक असलेला तिविहार करावा काय, हे गुरुमहाराजांना, आणि औषधांच्या वेळा डॉक्टरांना विचाराव्यात.

परतीच्या वाटेवर दिवसच आखूड होतो. डिसेंबरात दुपारी 12 वाजता न्यूयॉर्क सोडणाऱ्या विमानात दोन-तीन तासांतच सूर्य मावळतो. जेवण त्यापूर्वी उरकावे लागते. तेव्हा डबा हाताशीच ठेवावा.