कळतं, पण हात वळत नाही

टेबलावर चार पत्ते मांडलेले असतात. पहिल्यावर एक लाल त्रिकोण, दुसऱ्यावर दोन हिरव्या चांदण्या, तिसऱ्यावर तीन पिवळ्या फुल्या, चौथ्यावर चार निळी वर्तुळं. तुमच्या हातात एक गड्डी. वरचा पत्ता उचलायचा आणि या चारांपैकी ज्याच्याशी जुळतोय असं वाटेल त्याच्याखाली ठेवायचा. रंग बघायचा, आकार बघायचा की संख्या, हे कुणी सांगत नाही. परीक्षक फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणतो. थोड्याच पत्त्यांत रंगाची मेख सापडते आणि हात भराभर चालू लागतो. सलग दहा पत्ते बरोबर पडले की परीक्षक काही न बोलता नियम बदलतो. आता आकार जुळवायचा. मघापर्यंत ज्या चालीला शाबासकी मिळत होती, तिलाच ‘चूक’ ऐकू येतं.

बहुतेकजण चमकतात, जरा चाचपडतात आणि नवा नियम पकडतात. विचारांची लवचीकता मोजण्यासाठी डेव्हिड ग्रँट आणि एस्टा बर्ग यांनी ही चाचणी तयार केली, १९४८ साली ती प्रसिद्ध झाली आणि विद्यापीठाच्या नावावरून ‘विस्कॉन्सिन’ म्हणूनच ओळखली जाऊ लागली. तिचं सोनं मात्र ब्रेंडा मिल्नर यांनी केलं. मॉन्ट्रियलच्या न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये औषधांना दाद न देणाऱ्या फिट्सवर शस्त्रक्रिया होत. फिट जिथून सुरू होते तो मेंदूचा तुकडा काढून टाकत. मिल्नरबाईंनी अशा रुग्णांपुढे शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर ही गड्डी ठेवली. १९६३ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला. कपाळामागच्या भागाचा, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा, वरचा-बाहेरचा हिस्सा ज्यांचा गेला होता, ते जुन्या नियमाला चिकटून बसत. रंग म्हणजे रंग. पत्त्यामागून पत्ता, ‘चूक’मागून ‘चूक’. बुद्ध्यंक तर चांगला. काहीजण पत्ता ठेवता ठेवता म्हणत, हा आता चूक येणार. आणि तिथेच ठेवत.

या संपूर्ण विषयात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती हीच गोष्ट. एखाद्याला समजत नाही हे आपण मान्य करतो. समजूनही जो तसंच करतो, त्याला आपण हट्टी, आळशी, बेपर्वा ठरवून मोकळे होतो. प्रत्यक्षात नियम कळणं आणि त्या नियमाकडे वळणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. तीन वर्षांच्या मुलांतही हे दिसतं. आधी रंगावरून चित्रं लावायला सांगा, मग आकारावरून लावायला सांगा. नवा नियम काय, असं विचारलं तर पोरं बरोबर सांगतात, चित्र मात्र बरीचशी जुन्याच नियमाने ठेवतात. पाच वर्षांची मुलं सहसा अशी अडकत नाहीत. कपाळामागचा भाग सावकाश पिकतो, तो विशी उलटल्यावरही बदलत असतो.

मिल्नर ज्या संस्थेत होत्या तिचे संस्थापक वाइल्डर पेनफिल्ड यांच्यावर तर हे घरातच गुदरलं होतं. १९२८ च्या डिसेंबरात त्यांनी आपल्या सख्ख्या बहिणीच्या मेंदूतली गाठ काढली आणि त्यासाठी उजव्या बाजूचा कपाळामागचा मोठा भाग काढून टाकावा लागला. ती बरी झाली. बोलणं-चालणं, हसणं, पाहुण्यांची विचारपूस, सगळं पूर्वीसारखं. वर्षभराहून अधिक काळानंतर तिने एक पाहुणा आणि घरातली चार माणसं यांच्यासाठी रात्रीचं जेवण करायचं ठरवलं. आवडीचं काम, तयारीला अख्खा दिवस हाताशी. वेळ झाली तेव्हा सामान सगळं ओट्यावर होतं, एक-दोन पदार्थ शेगडीवर होते, पण सॅलड झालेलं नव्हतं, मांस शिजायला टाकलेलंच नव्हतं, आणि एकटीच बराच वेळ खटपट करून ती रडकुंडीला आली होती. कुणीतरी हाताशी आलं, तसा स्वयंपाक पटकन उरकला आणि जेवताना तिच्या गप्पा रंगल्या. १९३५ मध्ये पेनफिल्डनी हे शोधनिबंधात नोंदवलं. एकही पदार्थ ती विसरली नव्हती. एका कामातून दुसऱ्यात जायचं, पहिलं अर्धवट मनात ठेवून परत यायचं, ही सूत्रं हलवणारं कुणी उरलं नव्हतं.

ही सूत्रं हलतात कशी, याचा थोडाफार माग माकडांमुळे लागला. एमआयटीत अर्ल मिलर यांच्या प्रयोगशाळेत माकडांना एकामागून एक दोन चित्रं दाखवत. कधी ती सारखी असतील तर दांडा सोडायचा, कधी वेगळी असतील तर. २००१ मध्ये या गटाने दाखवलं की प्रीफ्रंटल भागातल्या काही पेशी ‘सारखं’ हा नियम लागू असतानाच जास्त पेटतात, काही ‘वेगळं’ हा असताना. चित्र कोणतंही असो. म्हणजे नियम तिथे पेशींच्या हालचालीत तेवत ठेवलेला असतो आणि मेंदूच्या इतर भागांना तो एका बाजूला कलवत राहतो. नियम धरून ठेवला नाही तर काम तडीस जात नाही. घट्ट धरला तर बदलता येत नाही.

आणि बदलणंही एकाच जातीचं नसतं. १९९६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी मार्मोसेट या चिमुकल्या माकडांवर केलेल्या प्रयोगात पडद्यावर आकार आणि रेषा एकमेकांवर दाखवल्या. आधी आकार महत्त्वाचे, मग रेषा: हा बदल प्रीफ्रंटलचा बाहेरचा भाग दुखावलेल्या माकडांना जमेना. पण ‘कालचा बरोबर आकार आज चुकीचा’ एवढी साधी उलटापालट त्यांना जमली. डोळ्यांच्या खोबणीवरचा भाग दुखावलेल्यांचं नेमकं उलट. त्यामुळे कुणी ‘मेंदू लवचीक करणारं’ अ‍ॅप विकायला आलं तर कुठली लवचीकता, असं खुशाल विचारावं. अमेरिकेत ल्युमोसिटी या मेंदूच्या खेळांच्या कंपनीने फसव्या जाहिरातींच्या आरोपावरून २०१६ मध्ये २० लाख डॉलर भरले आहेत.

धडधाकट मेंदूलाही वळणं फुकट मिळत नाही. एका प्रकारच्या कामातून दुसऱ्यात जाताना पहिलं उत्तर हमखास उशिरा येतं. आधी सूचना दिली, तयारीला वेळ दिला, तर उशीर कमी होतो, पण पूर्ण जात नाही.

कपाळामागचा भाग हे सगळं एकट्याने करत नाही. मेंदूच्या पोटात खोल बसलेले बेसल गँग्लिया आणि तिथलं डोपामिन हे रसायन त्याच्या जोडीला लागतं. म्हणून कंपवाताच्या रुग्णांना हातापायांइतकंच एका कामावरून दुसऱ्यावर जाणंही जड जातं. २००१ मध्ये रोशन कूल्स आणि त्यांच्या केंब्रिजच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना औषध चालू असताना आणि बंद असताना तपासलं. डोपामिन भरून काढणाऱ्या औषधाने कामं बदलणं सुधारलं. पण बक्षिसाची बाजू उलटली की निवड बदलणं मात्र औषधावर असतानाच बिघडलं. कारण या आजारात बेसल गँग्लियाच्या वरच्या भागातलं डोपामिन आधी आटतं, खालच्या भागातलं बऱ्यापैकी टिकून असतं. वर तूट भरून निघते तेव्हा खाली अतिरेक होतो. डोस ठरतो तो थरथर आणि ताठरपणा बघून, आणि गोळी मात्र दोन्हीकडे पोचते.