मानेतली गाठ आणि एमआरआयचा रिपोर्ट

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. माझी उमेदीची वर्षं फौजेत गेली. निदान करणं हे डॉक्टरांचंच काम. पण रिपोर्टमधले शब्द कळले, तर त्यांना नेमके प्रश्न विचारता येतात. फौजेत नकाशा वाचायला शिकवतात, तसाच हा रिपोर्ट टप्प्याटप्प्याने वाचू.

पहिला प्रश्न: गाठ कुठे आहे? मानेच्या बाबतीत जागा बरंच काही सांगून जाते. कानाच्या पुढे-खाली पॅरोटिड ही लाळग्रंथी असते. मोठ्या माणसांत तिथल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. कॅरोटिड ही मोठी रक्तवाहिनी जिथे दुभागते, तिथे गाठ असेल तर पॅरागँग्लिओमाचा विचार होतो. ती रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली असते. म्हणूनच आधी स्कॅन, मग सुई.

दुसरा प्रश्न: ती दिसते कशी? टी१ चित्रात चरबी पांढरी आणि पाणी काळं दिसतं. टी२ मध्ये पाणी पांढरं. पण टी२ मध्ये पांढरं दिसलं म्हणजे पाण्याचीच गाठ, असं नाही. पॅरोटिडमधली प्लिओमॉर्फिक अडिनोमा ही भरीव गाठही तशीच दिसते. म्हणून गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन पुन्हा चित्रं घेतात. पाण्याच्या गाठीची फार तर कड उजळते, भरीव गाठ आतूनही उजळते. ‘रिस्ट्रिक्टेड डिफ्यूजन’ म्हणजे पाण्याच्या रेणूंची हालचाल अडलेली. पेशी दाटीवाटीने असल्या की असं होतं, पण पू साठला तरीही होतं. एका खुणेवर निकाल देता येत नाही.

तिसरा प्रश्न: ती पसरली आहे का? कडा, नसा, हाडं आणि लसिकाग्रंथी यांबद्दल काय लिहिलंय ते बघा. ग्रंथीची आखूड बाजू साधारण १० मिलिमीटरपेक्षा मोठी असली, तर संशय येतो. ग्रंथी लहान असूनही तिचा मध्य सडलेला दिसला, तरी संशय राहतोच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चाळिशीनंतर मानेत नव्याने आलेली पाण्याची गाठ ‘साधी सिस्ट’ म्हणून सोडून देऊ नका. टॉन्सिलचा किंवा थायरॉइडचा कॅन्सर ग्रंथीत पसरला, तर तीही अशीच दिसू शकते. गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. तंबाखू खाणाऱ्यांनी तर टाळाटाळ करूच नये. शेवटचा निर्णय सुईच्या किंवा तुकड्याच्या तपासणीवर होतो, चित्रावर नाही.

आणि माझ्या माजी सैनिक मित्रांनो, अंगात जुना स्प्लिंटर असेल, तर मशीनच्या खोलीत जाण्याआधी सांगा. तिथलं चुंबक जबरदस्त असतं. डोळ्याजवळचा लोखंडी कण सरकला, तर दृष्टी जाऊ शकते. पेसमेकर असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर तेही लपवू नका.

डॉक्टरांना तीनच गोष्टी विचारा: गाठ कुठे आहे, कशाची वाटते आणि खात्री कशी करायची? तिसऱ्याचं उत्तर मिळाल्याशिवाय उठू नका.