कोंजुन्तीवो हा काळ नव्हे

इटालियन शिकणारे अनेक जण ‘कोंजुन्तीवो’ला एक अवघड काळ समजतात. खरे तर तो क्रियापदाचा अर्थ (बोलणाऱ्याची भूमिका दाखवणारे रूप) आहे आणि त्याचे स्वतःचे चार काळ आहेत.

खोलीत डोकावून आपण म्हणतो, ‘तो झोपलाय’. दाराबाहेरून अंदाजाने म्हणतो, ‘तो झोपला असावा’. इटालियनमध्ये हाच फरक एका स्वराचा: ‘सो के दोर्मे’ म्हणजे झोपलाय हे मला ठाऊक आहे, ‘क्रेदो के दोर्मा’ म्हणजे झोपला असावा.

पण ही तुलना इथवरच चालते. कोंजुन्तीवो म्हणजे शंका, हे समीकरण अपुरे आहे. ‘सोनो कोन्तेन्तो के तू सीआ क्वी’, तू इथे आहेस याचा मला आनंद आहे. समोर बसलेल्या माणसाविषयी कसली शंका? तरीही ‘सीआ’ लागते, कारण आधी भावना आली. उलट ‘सेकोन्दो मे’ (माझ्या मते) म्हटल्यावर साधेच रूप येते.

आत्मवाचक क्रियापदांनाही (कर्त्याची क्रिया त्याच्याकडेच वळणारी) असे एकच समीकरण पुरत नाही. ‘मी लावो’ म्हणजे मी अंग धुतो. इथला ‘मी’ मात्र आपला ‘मी’ नव्हे, ‘स्वतःला’ आहे. पण ‘पेन्तीर्सी’ (पश्चात्ताप होणे) यात ‘स्वतः’ शोधू नये. शेवटच्या ‘सी’शिवाय ते क्रियापदच नाही.

कोंजुन्तीवो आणि आत्मवाचक क्रियापद एकत्र आले, तर ‘क्रेदो के सी लावी’, म्हणजे तो अंग धूत असावा. ‘सी लावा’ (तो अंग धुतो) यातला ‘सी’ तसाच राहतो, ‘लावा’चे फक्त ‘लावी’ होते.