ओळखीवरून करारापर्यंत: रिहे खोऱ्यातली भाड्याची घरं

मुळशी तालुक्यातल्या रिह्यात भाड्याचं घर शोधावं, असं पंचवीस वर्षांपूर्वी फारसं कुणाच्या मनात आलं नसतं. खोऱ्यात भातशेती आणि गावठाणात वडिलोपार्जित घरं. बाहेरून येऊन राहणारा माणूस म्हणजे शाळेतले गुरुजी, ग्रामसेवक, नाहीतर आरोग्यसेविका. त्यांच्यासाठी पडवीलगतची एखादी खोली उघडून दिली जाई. भाड्याचा विषय शेवटी निघे. आधी मूळ गाव कुठलं, कुणाच्या ओळखीने आलात, घरी कोण कोण असतं, याची चौकशी. ओळख पटली की पुढचं सगळं तोंडी.

मग पूर्वेला हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्क वाढू लागला आणि दक्षिणेला पिरंगुट परिसरात कारखाने उभे राहिले. त्यांच्याबरोबर चालक, सुरक्षारक्षक, बांधकामावरचे गवंडी, कंत्राटी कामगार आले. हिंजवडी, माण इथलं भाडं परवडेना तसे ते घोटावडे फाट्याकडे सरकले आणि तिथून आत खोऱ्यात. मुळशीत जमिनी विकलेल्यांची कहाणी 2018 च्या ‘मुळशी पॅटर्न’ चित्रपटाने घराघरांत नेली. ज्यांनी जमीन राखली, त्यांच्याबद्दल मात्र फार बोललं जात नाही. त्यातल्या अनेकांनी घरामागे पत्र्याच्या चार खोल्या काढल्या, पुढे जमेल तसा स्लॅब टाकला. भात वर्षातून एकदा येतं, भाडं दर महिन्याला. शेतकऱ्याच्या घरात ही मोठी गोष्ट आहे आणि तिचा मला मनापासून आनंद आहे.

खोली शोधणाऱ्याचे प्रश्न मात्र शहरापेक्षा वेगळे राहिले. फरशी कोणती, हे इथे कुणी विचारत नाही. मे महिन्यात बोअरला पाणी राहतं का? मुळशीच्या पावसात भिंतीला ओल येते का? रात्रपाळी सुटल्यावर परत यायला गाडी मिळते का? लाईटबिल मीटरवर की माणशी? हे आधी विचारणारा टिकला. न विचारणाऱ्याने पहिल्याच पावसाळ्यात खोली बदलली.

या सगळ्या काळात एक गोष्ट हलली नाही, ती म्हणजे कागदाची भीती. तिला कारण आहे. कूळ कायदा 1948 चा, आणि 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन, त्या दिवसापासून कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. तो कायदा न्यायाचाच होता. पण लिहून दिलं की हक्क जातो, ही धास्ती जुन्या घरांत मुरली ती मुरलीच. त्यात गावठाणातलं घर बहुधा आजोबांच्या नावावर, वारस चार, वाटण्या तोंडी. करारावर मालक म्हणून सही कुणी करायची, इथेच गाडं अडायचं.

खरं तर लिव्ह अँड लायसन्स करारात भाडेकरूला मालकीचा कसलाच हक्क मिळत नाही. मुदत संपली की जागा परत मिळवण्याची सोय 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात आहे. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारीही त्याच कायद्याच्या कलम 55 ने मालकावर टाकली आहे. अकरा महिन्यांचा करार नोटरी केला की भागतं, हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो.

कागद नसण्याची किंमत 2020 मध्ये दिसली. टाळेबंदीत मजुरी थांबली. 17 एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी, थकबाकीसाठी कुणाला घराबाहेर काढू नये, अशा सूचना घरमालकांना दिल्या. पण ज्याचं राहणंच कुठे नोंदलेलं नाही, त्याने कशाच्या आधारावर बोलायचं? काही मालकांनी भाडं सोडलं, वर तांदूळही दिले. ते चांगुलपणावर झालं. जिथे चांगुलपणा नव्हता तिथे माणसं सामान बांधून निघाली. मालकांचंही नुकसान झालं: डिपॉझिट संपलं, भाडेकरू गावी गेला, आणि कुलूप तोडावं की वाट पाहावी, हे सांगणारी एक ओळही हाताशी नव्हती.

त्याच महिन्यात, 24 एप्रिलला, केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोनने गावठाण मोजून घरमालकाला मिळकत पत्रिका द्यायची, असं तिचं स्वरूप. आजोबांच्या नावाचा गुंता सोडवायला वारसनोंदीबरोबरच हा मोठा आधार ठरू शकतो. करारासाठी आता तालुक्याच्या गावी, पौडला, खेटे घालण्याचीही गरज नाही. नोंदणी ऑनलाइन होते, आधारवर अंगठा घरबसल्या देता येतो. ग्रामीण भागात नोंदणी फी 500 रुपये आहे, शहरात 1000.

रिह्यातल्या खोलीमालकांना म्हणूनच माझी कळकळीची विनंती आहे. ओळख विचारायची जुनी रीत सोडू नका, ती चांगली आहे. पण कंपनीतल्या साहेबाला जसा करार करून देता, तसाच पत्र्याच्या खोलीतल्या गवंड्यालाही करून द्या. त्याची पोरं इथल्याच शाळेत जातात. रेशन कार्डावर पत्ता घालायला, बँकेत खातं उघडायला त्याला तो कागद उपयोगी पडतो.