अंमल : लेखांक सहावा – तुळशीत भांग

आमच्या भाईंदर पश्चिमेच्या सोसायटीतले एक गृहस्थ रोज पहाटे उत्तन रोडने चालत जातात. मुर्धा, राई मागे टाकून मोरव्याला पोचलं की परत फिरायचं, असा त्यांचा नेम. पंधरवड्यापूर्वी मोरव्यातल्या एका घरालगतच्या वाडीत त्यांना कमरेएवढी वाढलेली पाच-सहा रोपं दिसली. हाताच्या पंजासारखी पानं, कडांना दाते. त्यांनी कुंपणावरून फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'हे उघड्यावर चाललंय. पोलिसांना कळवावं का?'

पुढच्या दोन तासांत त्र्याहत्तर संदेश आले. चौऱ्याहत्तरावा तळमजल्यावरच्या ताईंचा होता. त्यांचं माहेर मोरव्याचं. 'अहो, ती अंबाडी आहे,' एवढंच त्यांनी लिहिलं आणि ग्रुप एकदम गप्प झाला.

संध्याकाळी मी मुद्दाम बस धरून गेले. वाडीत आजी पाणी घालत होत्या. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "अंबारी हाय ती, बाय. भाजीची. न्यायची का जुडी?" त्यांच्यापर्यंत बातमी पोचली होती.

त्या गृहस्थांची चूक मी फार मनावर घेत नाही. अंबाडीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच 'गांजाच्या झाडासारखी'. म्हणजे अठराव्या शतकात लिनियसलाही हे साम्य जाणवलं होतं. त्याने ते नावात नोंदवलं आणि विषय संपवला. फरक ओळखायचा तर अंबाडीचं पान एकच असतं, नुसतं खोलवर कापलेलं. गांजाच्या पानात पाच-सात सुटी पानं एका देठाच्या टोकाला जुळलेली असतात. तरी शंका राहिली तर चावून बघा, अंबाडी आंबट लागते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात २०१४ साली पोलिसांनी हेलिकॉप्टरमधून एका निवृत्त माणसाच्या परसात गांजा पाहिला आणि शस्त्रं घेऊन दारात उभे राहिले. परसात भेंडी होती. भेंडी ही अंबाडीची चुलत बहीणच.

रोपाचा निकाल लागला, पण ते त्र्याहत्तर संदेश मी जपून ठेवलेत. या लेखमालेला इतकं आयतं साहित्य पुन्हा मिळायचं नाही.

फोटो काढणाऱ्या काकांचं म्हणणं, एक रोप जरी लावलं तरी माणूस दहा वर्षं आत गेला पाहिजे. चौथ्या मजल्यावरच्या आयटीतल्या मुलाने उत्तर दिलं, 'काका, कॅनडात हे दुकानात मिळतं. तुमच्या शनिवारच्या दोन पेगांपेक्षा बरं.' बनारसकडच्या एका वहिनींनी होळीच्या ठंडाईचा विषय काढला : भांग हा शंकराचा प्रसाद, त्याला नशा म्हणू नये. त्याच वहिनींनी तासाभराने लिहिलं, टेरेसवर गांजा ओढत बसणाऱ्या पोरांचा बंदोबस्त करा. कोणीतरी २०१५च्या नाशिक-त्र्यंबकेश्वर सिंहस्थातल्या साधूंचा फोटो टाकला आणि विचारलं, यांना कोण पकडतं? त्यावर तिघांनी हात जोडलेल्या खुणा पाठवल्या. त्या साधूंसाठी होत्या की प्रश्नासाठी, कोण जाणे.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. रोपाबद्दल जवळपास कोणी बोलतच नव्हतं. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे ते ओढणारा कोणीतरी होता. काकांपुढे गल्लीच्या टोकाचा पोरगा, आयटीवाल्यापुढे टोरांटोतला मित्र, वहिनींपुढे एकदा सासऱ्यांच्या हातचा घोटा आणि एकदा टेरेसवरची टोळी. माणूस बदलला की मत बदलतं, आणि शब्दही बदलतो. साधू ओढतो ते 'बूटी', कॉलेजातली इंग्रजी बोलणारी मुलं ओढतात ते 'वीड', आणि रिक्षावाल्याच्या खिशात सापडतो तो 'गांजा'. 'गांजेकस' ही शिवी आपण कोणाला देतो, ते एकदा आठवून बघा.

कायद्याचंही काहीसं असंच आहे. त्याने झाडाचे तुकडे केलेत. १९८५च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात, म्हणजे ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात त्यात, चरस म्हणजे झाडाचा राळेसारखा चीक आणि गांजा म्हणजे फुलं-फळं धरलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. भांग पानांची होते, म्हणून ती या केंद्रीय कायद्यातून निसटली. उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात भांगेची सरकारी परवान्याची दुकानं आहेत ती त्याच फटीतून. त्यावरून महाराष्ट्रातही भांग चालते असं मात्र समजू नका. गेल्या लेखांकात आपण ज्या १९४९च्या दारूबंदी कायद्याची चिरफाड केली, त्याने भांगेलाही पकडून ठेवलंय. म्हणजे वहिनींचा प्रसाद बनारसच्या दुकानात कायदेशीर आणि भाईंदरच्या गच्चीवर बेकायदा.

काकांचं 'दहा वर्षं' हवेतलं नव्हतं. परवान्याशिवाय झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. एक रोप की एकर, असा फरक त्या कलमात नाही. जवळ बाळगण्याचं गणित वेगळं. गांजा १ किलोपर्यंत 'अल्प मात्रा', २० किलोच्या वर 'व्यापारी मात्रा'. अल्पला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्यापारीला किमान दहा, कमाल वीस वर्षं. नुसतं सेवन केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. आणि 'एवढ्याशा पुडीला काय होतंय, लगेच जामीन' अशा भरवशावर असलेल्यांनी ऑक्टोबर २०२० लक्षात ठेवावा. चित्रपटसृष्टीतल्या त्या गाजलेल्या प्रकरणात जामीन देतानाच मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की या कायद्याखालचा प्रत्येक गुन्हा अजामीनपात्र आहे, मात्रा कितीही असो. जामीन मिळतो, पण तो मागावा लागतो. मागायला वकील लागतो. वकील कोणाला परवडतो, ते आपण जाणतो.

हे सगळं १९८५ साली का झालं? त्याच्या जवळपास शंभर वर्षं आधी इंग्रज सरकारने हा प्रश्न आपल्या कल्पनेपेक्षा बारकाईने तपासला होता. ब्रिटिश संसदेत दारूबंदीवाद्यांनी ओरड केली की गांजामुळे हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं भरली आहेत. त्यावर १८९३ साली आयोग नेमला गेला. मॅकवर्थ यंग अध्यक्ष, त्यांच्यासह सात सभासद, त्यांत तीन हिंदी. ११९३ साक्षीदार. वेड्यांच्या इस्पितळांचे दाखले एकेक करून उलगडले तेव्हा कळलं की रोग्यासोबत येणाऱ्या कागदावर वेडाचं कारण पुष्कळदा पोलिसानेच भरलेलं असे आणि कारण माहीत नसलं की 'गांजा' लिहून तो मोकळा होई. आयोगाचा निष्कर्ष असा की माफक सेवनाने जवळजवळ काही बिघडत नाही, अतिसेवनाने बिघडतं. बंदी घालू नये, कर लावावा आणि लक्ष ठेवावं. आता कर हा त्यांचा लाडका विषय, हे खरं. तरी तो अहवाल वाचताना दाखल्यावर 'गांजा' लिहिणारा तो शिपाई मला फार ओळखीचा वाटतो. आमच्या ग्रुपवर त्याचे निदान सहा वंशज आहेत.

पुढे १९६१चा आंतरराष्ट्रीय करार आला. औषधाखेरीजचा वापर पंचवीस वर्षांत बंद करा, अशी त्याची अट. भारताने सही केली, पण व्याख्येतून सुटी पानं वगळलेली होती, म्हणून भांग वाचली. मुदत संपत आली तसा आपल्याकडे कायदा झाला. १६ सप्टेंबर १९८५ला राष्ट्रपतींची सही, १४ नोव्हेंबरपासून अंमल. (या लेखमालेचं नाव 'अंमल' का, असं विचारणाऱ्या वाचकांना उत्तर मिळालं असेल. आपल्या भाषेत नशा आणि हुकूम दोन्ही एकाच शब्दाने चढतात.) पुढे २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून काढलं. २७ विरुद्ध २५ मतं पडली आणि त्या २७ मतांत एक भारताचं होतं. घरात कायदा तसाच राहिला.

मग आयटीवाल्याचं बरोबर का? अर्धं. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ला विक्री खुली केली, हे खरं. पण ऑन्टारिओत एकोणीस वर्षांखाली मिळत नाही, आणि रस्त्यावर ३० ग्रॅमच्या वर बाळगता येत नाही. जर्मनीने २०२४च्या एप्रिलपासून प्रौढाला घरी तीन झाडांची मुभा दिली, पण आपल्या आयटीवाल्याच्या डोक्यातलं दुकान काही उघडलं नाही. थायलंडने २०२२ साली दार सताड उघडलं, गल्लीबोळांत दुकानं झाली, आणि २०२५ साली तेच दार डॉक्टरच्या चिठ्ठीपुरतं किलकिलं केलं. 'कायदेशीर करा' या दोन शब्दांत निदान तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात : ओढणाऱ्याला तुरुंगात न टाकणं, औषध म्हणून देणं आणि दुकान थाटणं. वाद घालणारे एकीवरून सुरू करतात आणि तिसरीवर भांडतात. पहिलीच्या बाजूने मी आहे. दुसरी आपल्याकडे आयुर्वेदाच्या वाटेने, 'विजया' या नावाने, आधीच आलेली आहे. तिसरीला मी घाबरते. आपल्याकडे गुटख्यावर बंदी आहे आणि गुटखा कुठे मिळतो ते सगळ्यांना माहीत आहे. दुकान उघडायची सरकारची हातोटी जबर, दुकानावर लक्ष ठेवायची तशी नाही.

पिकवणाऱ्याचं नाव त्र्याहत्तर संदेशांत एकदाही आलं नाही. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, कापूस-तुरीच्या आडोशाने लावलेला गांजा पोलीस वारंवार उपटतात आणि फोटो छापून येतो. फोटोत उपटलेली रोपं असतात, कडेला मान खाली घातलेला शेतकरी असतो. माल विकत घेणारा फोटोत नसतो.

मोरव्याच्या त्या घराच्या ओट्यावर आजींचे दीर बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, उमेद मिठागरात गेली. त्यांच्या लहानपणी गावात एक बुवा येऊन राहायचा. बुवा गांजा कसा मळायचा ते त्यांनी रिकाम्या तळव्यावर करून दाखवलं : अंगठ्याने दाबत, मधेच दोन थेंब पाणी, चिमूटभर तंबाखू, मग चिलमीच्या तळाला खडा आणि तोंडाला ओल्या फडक्याची छापी. अंगठा सहज फिरत होता. बघून शिकलेला अंगठा इतका सराईत नसतो, पण मी विचारलं नाही. "आता बंद असावा का?" एवढंच विचारलं. ते म्हणाले, "पोरांना बंद." आणि चिलीम खाली ठेवावी तसा हात मांडीवर ठेवला.

आजोबांच्या त्या दोन शब्दांना आधार आहे. ओढणाऱ्यांत साधारण अकरांतल्या एकाला गांजा सुटेनासा होतो. विशीच्या आत सुरुवात केली तर सहांतल्या एकाला. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालते आणि त्या काळात रोज ओढणाऱ्यांत भास, संशय अशा आजारांचं प्रमाण वाढलेलं दिसतं. घरात आधीच कोणाला असा आजार असेल तर जास्त. शिवाय माल बुवाच्या वेळचा राहिलेला नाही. अमेरिकेत पकडलेल्या मालात नशा आणणाऱ्या टीएचसीचं प्रमाण १९९५ साली सरासरी ४ टक्के होतं, २०१४ साली ते १२वर गेलं. आपल्याकडे किती जणांचं अडलंय? केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या पाहणीचे आकडे २०१९ साली आले. वर्षभरात गांजा किंवा चरस घेतलेले १.३ कोटी, भांग घेतलेले २.२ कोटी, आणि या झाडापायी मदतीची गरज असलेले ७२ लाख. दारू पिणारे १६ कोटी. काकांच्या शनिवारचा हिशोब त्या सोळा कोटींत आहे.

त्र्याहत्तर संदेशांत एक बाई काहीच बोलल्या नव्हत्या. त्यांनी मला रात्री साडेअकराला फोन केला. मुलगा एकोणीसचा, दीड वर्षापासून ओढतो. हल्ली खोलीचं दार लावून बसतो आणि शेजारी भिंतीतून आपल्याबद्दल बोलतात असं म्हणतो. डॉक्टरकडे नेलं तर पोलिसांत नाव जाईल, ही त्यांची भीती. तेवढ्या भीतीपायी सहा महिने गेले होते. मी त्यांना दोनदा सांगितलं : उपचार घेतले म्हणून कोणी गुन्हा नोंदवत नाही. उलट याच कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले आणि पुरे केले तर त्याच्यावर खटला चालत नाही. पुण्यात सुनंदा आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण त्यांना ऐकून माहीत होतं, पण ते गर्दवाल्यांसाठी, आपला मुलगा तसा नाही, असं त्या म्हणत राहिल्या. मग मी ओळखीच्या एका समुपदेशक बाईंचा नंबर दिला.

"कोणत्या नावाने सेव्ह करू?" त्यांनी विचारलं. "तो माझा फोन बघतो. 'डॉक्टर' नको."

थोडा वेळ दोघी गप्प. मग त्या म्हणाल्या, "अंबाडीवाली लिहिते."

(पुढील लेखांक : गर्द ते एमडी)