अवघड जागेचं दुखणं

आपल्याकडे म्हण आहे, अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर. ऐकून सगळ्याजणी हसतात. पालघरच्या माझ्या वन्संना मात्र हसू येत नव्हतं. जावई डॉक्टर नाहीत, पण फॅमिली डॉक्टर म्हणजे यजमानांचे रोज सकाळी फिरायला जाणारे मित्र. त्यांना काय सांगणार, खाली खाज येते म्हणून?

दीड वर्ष त्यांनी अंगावर काढलं. वय चौसष्ट, पाळी जाऊनही बारा-तेरा वर्षं झालेली. खोबरेल तेल झालं, कडुलिंबाचं पाणी झालं, मग मेडिकलमधून नायट्याची ट्यूब. आठ दिवस बरं वाटायचं, की पुन्हा सुरू. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टिरॉइड असतं. खाज दबते, दुखणं तसंच राहतं. २०१८ मध्ये अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आली, पण काउंटरवर चिठ्ठी मागतं कोण!

गणपतीत त्या आमच्याकडे बोईसरला आल्या. त्यांची बसल्या जागी चुळबुळ पाहून मी विचारलं. आधी "काही नाही गं", मग डोळ्यांत पाणी. दुसऱ्या दिवशी मी त्यांना बाईडॉक्टरकडे नेलं. लालसर चट्टा, मध्ये मध्ये पांढुरकी खपली. "मलम नंतर, आधी तुकडा तपासू," डॉक्टर म्हणाल्या. जागा बधिर करून इवलासा तुकडा काढला. रिपोर्टमध्ये नाव आलं, पॅजेटचा आजार.

जेम्स पॅजेट या इंग्रज डॉक्टरांनी १८७४ मध्ये स्तनाग्राभोवतीच्या अशाच चट्ट्याचं वर्णन केलं होतं, त्यांचंच हे नाव. योनिमुखाच्या त्वचेवर तो क्वचित होतो, आणि बहुतेक वेळा साठीच्या पुढे. बहुतेकींमध्ये तो वरच्या थरातच राहतो, पण काहींमध्ये खोल उतरून कॅन्सर होतो. शिवाय कधी कधी आत आतड्यात किंवा मूत्राशयात गाठ असते, म्हणून तिथलीही तपासणी करतात.

शेजारच्या एकीने लगेच एमआयडीसीच्या पाण्याला दोष दिला. वन्संच्या मनात भलतंच होतं. रात्री हळूच विचारलं, "यांना लागेल का गं?" नाही, हा आजार लागट नाही. अस्वच्छतेमुळे किंवा कुणाच्या वागण्यामुळे तो होत नाही. हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं तेव्हा कुठे त्यांनी यजमानांना सांगितलं.

मग पहाटेची लोकल, दादर, परळ. ऑपरेशन झालं. यात डॉक्टरांची पंचाईत अशी, की चट्टा दिसतो त्याच्या पलीकडेही आजारी पेशी पसरलेल्या असतात. त्यामुळे काठ स्वच्छ वाटला तरी साधारण तिघींत एकीला तो परत उद्भवतो. वन्संनाही तीन वर्षांनी आला, छोटासा. या वेळी कापाकापी नको म्हणून इमिक्विमोड मलम दिलं. नेदरलँड्समध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २३ पैकी १२ बायकांचा चट्टा या मलमाने पूर्ण गेला, पण पुढे त्यातल्या निम्म्याजणींना तो परत आला. मलमाने आग होते, अंग मोडून येतं. वन्संनी चार महिने ते सोसलं.

एक वेगळं दुखणंही सांगून ठेवते. त्वचा पांढरी, पातळ, कागदासारखी होऊन खाजत असेल तर तो बहुधा लायकेन स्क्लेरोसस. तो पॅजेटपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. गंमत म्हणजे त्यावर कडक स्टिरॉइड मलमच लागतं, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि नेमाने. कॅन्सरचं प्रमाण शंभरात पाचांहून कमी, आणि मलम चालू ठेवलं तर आणखी कमी.

वन्संची तपासणी दर सहा महिन्यांनी असते. मध्ये दर महिन्याला आरशात स्वतः पाहायला सांगितलंय. घरात आरसा एकच, तोही हॉलमध्ये भिंतीला. परवा त्यांचा फोन आला, "बोईसरच्या बाजारातून हातातला एक आरसा आण गं, मुठीचा."