खांद्याच्या मापाचं हँडल

नवी माउंटन बाइक घेताना लोक गिअर मोजतात, सस्पेन्शन दाबून बघतात, टायरच्या जाडीवरून हात फिरवतात. हँडल मात्र कंपनीने जे लावलं तेच राहतं. आजकाल ते बहुधा ७६० ते ८०० मिलिमीटर रुंद असतं. आपल्याकडच्या बऱ्याच स्कूटर सातशेच्या आसपास रुंद असतात, म्हणजे हँडलपाशी ही सायकल स्कूटरलाही मागे टाकते. फ्रेम उंची बघून निवडायची आणि हँडल मात्र पाच फुटी मुलीला नि सहा फुटी गड्याला जवळपास सारखंच, हा प्रकार चुकीचा आहे. हँडलही मापाचंच हवं.

हे माप काळाप्रमाणे भलतंच बदलत आलं आहे. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७६ साली काही तरुणांनी ‘रीपॅक’ नावाची उताराची शर्यत सुरू केली. साडेतीन किलोमीटरहून कमी अंतरात सुमारे ४०० मीटर खाली उतरायचं, तेही जुन्या जड श्विन सायकलींवर. ब्रेक तापून मागच्या हबमधलं ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावं लागे. शर्यतीला नाव पडलं ते त्यावरूनच. त्या सायकलींची हँडलं मोटरसायकलसारखी ऐसपैस होती. धोंड्यांवरून धडधडत उतरताना चाक ताब्यात ठेवायला तीच उपयोगी पडत.

नव्वदीच्या दशकात वारं फिरलं. क्रॉस-कंट्री शर्यतींचा जोर वाढला, चढ भराभर चढणं महत्त्वाचं झालं आणि खेळाडूंनी हँडलं कापत कापत ५६० मिलिमीटरपर्यंत आणली. त्यांना सायकलशी जोडणारा स्टेम १२० ते १५० मिलिमीटरचा, लांबलचक असे. अमेरिकेचा जॉन टोमॅक तर १९९० साली डुरँगोच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत रोड सायकलचं खाली वळलेलं हँडल लावून उतरला. त्या काळात तो रस्त्यावरच्या शर्यतीही करत होता आणि दोन्हीकडे बसायची ढब सारखी राहावी असा त्याचा हेतू होता. पुढच्याच वर्षी तो क्रॉस-कंट्रीचा जगज्जेता झाला. पुढे सायकलींच्या फ्रेम लांब झाल्या, पुढचा फोर्क अधिक तिरपा झाला, स्टेम ३५ ते ५० मिलिमीटरवर आला आणि हँडल पुन्हा रुंदावलं.

रुंदीने नेमकं काय होतं? हँडल म्हणजे तरफ. चाक १० अंश वळवायचं तर ८०० मिलिमीटरच्या हँडलचं टोक सुमारे ७० मिलिमीटर सरकतं, ५८० च्या हँडलचं जेमतेम ५०. हात जास्त सरकतो म्हणून वळण बारकाईने देता येतं, आणि दगडावर आदळून चाक भलतीकडे वळू लागलं तर त्याला कमी जोरात थोपवता येतं. उतारावर हा फायदा मोठा आहे.

पण हात किती पसरावेत यालाही मर्यादा आहे. ते जास्त फाकले की छाती खाली येते, कोपरं सरळ होतात. वाकलेलं कोपर हे शरीराचं स्वतःचं सस्पेन्शन. ते सरळ झालं की प्रत्येक धक्का थेट खांद्यात जातो. तीव्र वळणावर बाहेरचा हात ताणला जातो. मानेखाली, खांद्यांच्या मध्ये ठसठस सुरू होते, मनगटं अवघडतात. सह्याद्रीत कारवीच्या दाटीतून जाणाऱ्या पायवाटेवर किंवा शहरात दोन रिक्षांच्या मधल्या फटीतही हीच रुंदी अडते. उलट हँडल फार अरुंद असेल तर खडबडीत उतारावर पुढचं चाक बुजल्यासारखं इकडेतिकडे पळतं.

मापाचा अंदाज घरीच घेता येतो. जमिनीवर पालथं पडून, सहज जोर मारता येतील असे हात टेकायचे आणि दोन्ही तळव्यांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजायचं. इथून सुरुवात करावी. लहान चणीच्या व्यक्तीला बहुधा ७०० ते ७४० पुरतं, मध्यम बांध्याला ७४० ते ७८०, रुंद खांद्यांच्या उतारबहाद्दराला ८०० शोभतं. चढ आणि लांब पल्ला जास्त असेल तर थोडं आखूड, दगडाळ उतार जास्त असतील तर थोडं रुंद.

लगेच करवत मात्र उचलू नये. आधी ग्रिप आणि ब्रेकचे लिव्हर दोन्ही बाजूंनी सारखे आत सरकवावेत आणि आठवडाभर, नेहमीच्याच वाटांवर, तसंच चालवून बघावं. बाहेर राहिलेल्या टोकांचं तेवढं भान ठेवावं. पटलं तर एका वेळी प्रत्येक बाजूने ५ मिलिमीटरच कापावेत. अनेक हँडलांवर त्यासाठी खुणा असतात. उत्पादकाने सांगितलेल्या किमान रुंदीच्या खाली जाऊ नये. ॲल्युमिनियम साध्या करवतीने कापता येतं. कार्बनला बारीक दातांचं पातं हवं, कापायच्या जागी चिकटपट्टी हवी आणि नाकातोंडावर मास्क हवाच, कारण त्याची भुकटी फुप्फुसांना घातक असते.

कापून झाल्यावर कडा कानशीने घासाव्यात आणि दोन्ही टोकांना बुचं पुन्हा घट्ट बसवावीत. पडताना उघड्या नळीची धार पोटात किंवा मांडीत घुसून खोल जखम होते. बूच नसलेली सायकल घराबाहेर काढू नका.